बोर्ड सगळ्यात शेवटी बदलतो

नागपुरात एखादं हॉटेल पंधरा-वीस दिवस बंद दिसतं आणि मग त्याच जागेवर दुसऱ्याच नावानं, दुसऱ्याच पदार्थांनिशी उघडतं. बाजूचा पानठेलेवाला लगेच सांगतो, ‘बसला नं भाऊ धंदा.’ नाही तर, ‘मालकच बदलला.’ बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. मला हे ठाऊक असतं, कारण त्या हॉटेलचं नवं कार्ड बोर्ड लागायच्या कितीतरी आधी माझ्या कॉम्प्युटरवर उघडलेलं असतं.

सीताबर्डीला आमचं छपाईचं दुकान आहे. बाबांच्या काळात लग्नपत्रिका आणि बिलबुकं चालायची. माझ्या हातात आल्यापासून मेनूकार्ड, फ्लेक्स आणि बोर्ड वाढले, आणि अलीकडे ‘ताई, तेवढं ऑनलाइनचंही करून द्या’ हे त्याच्या मागोमाग येतंच. गिऱ्हाइकांत हॉटेलवाले पुष्कळ, आणि त्यांत मूळचे नागपूरचे कमी. या गावात खाण्याचा धंदा बाहेरून आलेल्यांनीच वाढवला. हल्दीराम बिकानेरचे, पण पाहुणा गावाला जाताना त्यांच्याकडचीच संत्रा बर्फी ‘नागपूरची’ म्हणून घेऊन जातो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी जरीपटक्यात दाल-पकवान रुजवलं. माझ्याकडे येणाऱ्या उडुपीवाल्या अण्णांच्या कार्डावर डोशाला एक पान असतं आणि पनीरला दोन. या सगळ्यांनी कधी ना कधी कार्ड फिरवलेलं आहे. पण एक बदल मी पहिल्या कागदापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत हातानं केला, तो एका नेपाळी जोडप्याच्या हॉटेलचा. तोच सांगते.

हॉटेल शंकरनगरच्या पुढे, कॉर्पोरेशन कॉलनीच्या बाजूला. एलएडी कॉलेजच्या मुली आणि व्हीएनआयटीची पोरं हे मुख्य गिऱ्हाईक. मालक पश्चिम नेपाळातल्या डोंगराळ भागातले. मी त्यांना दाई म्हणते, म्हणजे त्यांच्याकडे मोठ्या भावाला म्हणतात तसं. गिऱ्हाईक मात्र सर्रास ‘ए बहादूर’ म्हणतं आणि ते निमूट ऐकून घेतात. मला ते अजून खटकतं. त्यांची बायको कालिंपोंगची, म्हणजे भारतातलीच. तिला मी दीदी म्हणते आणि दोघं मला ताई म्हणतात. बोलणं आमचं नागपुरी हिंदीत. दीदींना भाजीबाजारापुरती मराठी चांगली येते, कोथिंबिरीला त्या ‘सांबार’ म्हणतात आणि भाव पाडून घेतात.

आधी ठेला होता, मग गाळा घेतला. नावात ड्रॅगन होता, लाल बोर्ड, पिवळी अक्षरं, कार्डाची चार पानं. या चार पानांची गंमत छापणाऱ्यालाच कळते. शंभराच्या वर पदार्थ, पण मागे भट्टीजवळ उभं राहिलं की दिसतं: उकडलेला भात, उकडलेले नूडल्स, तळून ठेवलेलं चिकन, कोबीचे गोळे, आणि तीन-चार सॉस. उरलेलं सगळं गुणाकारानं येतं. हक्का, शेजवान, सिंगापुरी, ट्रिपल. त्यात चायनीज किती, हा प्रश्नच नाही. मंच्युरियन तरी कुठे चीनमधलं आहे? कलकत्त्याच्या चिनी घराण्यातल्या नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईत ते पहिल्यांदा केलं असं सांगतात, आपल्याच आलं-लसूण-मिरचीवर सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घालून. म्हणजे दाई जे विकत होते ते ना त्यांच्या गावचं होतं, ना चीनचं. घरी ते डाळ-भात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी खात. कार्डावर त्यातलं काही नव्हतं, आणि कधी येईल असं त्यांच्या मनातही नव्हतं. ‘परदेशी माणूस आपल्या मातीचं जेवण घेऊन येतो आणि मग बाजारासाठी ते सोडतो’ असं कोणी हळहळून बोललं की मला म्हणूनच हसू येतं. दाईंनी सोडायला काही आणलंच नव्हतं. त्यांनी आणली होती भट्टीवर उभं राहायची तयारी.

पहिला तडा २०२०चा. जानेवारी-फेब्रुवारीतच लोक ‘चायनीज नको रे बावा’ म्हणायला लागले, जणू नूडल्समधून विषाणू येतो. मग टाळेबंदी. जूनमध्ये गलवानची चकमक झाली आणि रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला असं सांगून टाकलं. त्या दिवसांत हॉटेलात बसून खायला मुभाच नव्हती, फक्त पार्सल. तरी दाई मला फोन करून विचारत होते, ड्रॅगन झाकायचा का? त्यांचा चेहरा पाहून येणारा-जाणारा काहीही बोलून जायचा. मी एक पट्टी छापून दिली, ‘इंडो-चायनीज’, आणि ती ड्रॅगनच्या शेपटीवर चिकटवली. ऑक्टोबरात हॉटेलं उघडली तेव्हा ती पट्टी अर्धी निघाली होती आणि लोक सगळं विसरून लॉलीपॉप मागत होते. त्या वेळी नाव बदललं असतं तर लोकांनी त्याचं कारण राजकारणात शोधलं असतं. बदललं नाही, कारण बोर्डाला पैसे नव्हते.

खरा बदल सुरू झाला तो एका लेटरहेडपासून.

भट्टीवर जो मुख्य कारीगर होता, तो दाईंच्या गावाकडचाच. हात असा की पाच प्लेटा राइस एका कढईत उडवायचा आणि शेवटचा दाणाही सुटा. त्याचा चुलतभाऊ जपानमध्ये होता. तिथे नेपाळी लोक ‘इंडियन करी’ची हॉटेलं चालवतात, नान आणि बटर चिकन विकतात. परदेशी स्वयंपाकाचा कारीगर म्हणून जपानचा व्हिसा हवा तर दहा वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. या पोरानं आधी दिल्लीत तंदूरवर बरीच वर्षं काढली होती, मग इथे कढईवर. दिल्लीवाल्यांनी त्यांचा दाखला पाठवला. इथल्या दाखल्यासाठी दाईंच्या हॉटेलचं लेटरहेडच नव्हतं. ते माझ्याकडे छापायला आलं. वर काय लिहू विचारलं, तर दाई म्हणाले, ‘इंडियन अँड चायनीज लिखो.’ खोटं त्यात काही नव्हतं, दाल फ्राय आणि पनीर मसाला कार्डाच्या शेवटच्या पानावर होताच. पण हॉटेलची ओळख पहिल्यांदा बदलली ती त्या कागदावर. रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही नाही, आणि नेपाळचा एक कारीगर नागपुरात चायनीज करून जपानला इंडियन रांधायला निघाला होता.

तो गेला आणि हॉटेलचा कणा गेला. हे बाहेरच्यांना पटत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं मेनू मालकाचा असतो. मेनू कारीगराचा असतो. मालकाकडे गाळा, डिपॉझिट आणि उधारी असते. गेलेल्या कारीगराच्या जागी दुसरा आला, त्याचा राइस चिकट. तिसरा आला तो पहिल्या पगाराच्या दिवशीच उचल घेऊन गेला. चांगल्या कढईवाल्याला आता नागपूरचा पगार परवडत नाही. आखात, मलेशिया, जपान, जिथे मामा-काका असेल तिकडे तो जातो. दाई स्वतः कढईवर उभे राहिले, पण मग गल्ल्यावर कोण? दीदी गल्ल्यावर बसल्या, तर मोमो कोण करणार?

मोमो तोवर कार्डाच्या कोपऱ्यात एका ओळीत होता. दीदी दुपारी दोन ते पाच, गिऱ्हाईक नसताना, पुरीएवढ्या पाऱ्या लाटून भरायच्या. मी एकदा प्रूफ घेऊन गेले तेव्हा बसून पाहिलं. डाव्या तळव्यावर पारी, मधोमध सारण, आणि उजव्या हाताचं बोट आणि अंगठा कडेनं चुण्या घालत फिरतो. डावा अंगठा सारण आत दाबत राहतो. बोलता बोलता परात भरते. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवावी लागते, नाही तर वाफेत तळ फाटतो आणि रस स्टीमरमध्ये जातो. मी दोन करून पाहिले, त्यांनी हसून ते बाजूला ठेवले.

आता हिशेब बघा. कढईच्या भट्टीला ब्लोअर लागतो, एकोणीस किलोचा सिलेंडर दाईंच्या सांगण्याप्रमाणे दीड-दोन दिवसांत उडतो, आणि कढईमागे एक जाणता माणूस उभा लागतो. स्टीमरला तोच सिलेंडर चार-पाच दिवस जातो, आणि संध्याकाळी गर्दीत झाकण उघडून प्लेट भरायला नवखा पोरगाही चालतो. कसब सगळं दुपारीच खर्च झालेलं असतं. त्या सुमारास गावात सगळीकडे मोमोचे ठेले लागले, तेव्हा लोक म्हणाले फॅशन आली. फॅशन आलीच होती. पण दाईंसारख्यांना ती परवडली, कारण भट्टीवरचा माणूस निघून गेला होता.

तरीही कार्ड बदललं नाही. का, तर लायसन्स.

१९५०च्या भारत-नेपाळ करारानं नेपाळी माणसाला इथे राहायला, कामधंदा करायला मुभा आहे. पण हॉटेल म्हटलं की भाडेकरार, बँक खातं, फूड लायसन्स, ॲपवरची नोंद, आणि प्रत्येक ठिकाणी आधी आधार कार्ड. ठेला सोडून गाळा घेताना दाईंनी एक स्थानिक पार्टनर घेतला होता. प्रतापनगरचा, माणूस वाईट नाही. पैसे निम्मे त्याचे, आणि कागद सगळे त्याच्या नावावर. गाळ्याचा करार, फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर, ॲपचं खातं, इतकंच काय, ड्रॅगनचं नावसुद्धा. दाईंच्या नावावर काय होतं, तर कढई.

मग २०२३ आलं. त्या वर्षी श्रावण अधिक. नॉनव्हेजवर चालणाऱ्या हॉटेलाला एक श्रावणच जड जातो, इथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन महिने. सगळ्यांनी अधिक पाळला नाही, पण गल्ल्यात फरक दिसत होता. पोळ्याची कर आली, लोक मटण-चिकनवर परत आले, आणि चार दिवसांत गणपती बसले. त्यातच २३ सप्टेंबरची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. गाळ्यात कमरेइतकं पाणी. डीप फ्रीजर आडवा झाला, ब्लोअरची मोटर जळाली, मैद्याची पोती लापशी झाली. चार पानांची कार्डं लॅमिनेट केलेली होती तरी कडांमधून पाणी आत शिरून फुगली. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा दीदी ती उन्हात मांडत होत्या. मी म्हटलं, कशाला, फेकून द्या. त्या म्हणाल्या, हिशेब लिहायला मागची बाजू कामी येईल. मागची बाजूही छापील होती.

पार्टनरला नवा फ्रीजर, नवी भट्टी यांत पैसे घालायचे नव्हते. त्याचं आधीपासून सावजीकडे मन होतं. त्यात चूक काय? नागपुरात सावजी म्हटलं की गिऱ्हाईक चालत येतं. तेही मूळ हलबा कोष्टी, विणकरी समाजाचं जेवण. मागावर पोट भरेना तेव्हा कितीतरी घरांनी भोजनालयं काढली. आता ज्याच्या घरात कधी माग नव्हता तोही ‘अस्सल सावजी’ लिहून घेतो, आणि मी छापून देते. दोघांनी भांडण न करता वाटणी केली. गाळा दाईंकडे, डिपॉझिटचे पैसे हप्त्यानं परत. नाव, लायसन्स आणि ॲपचं खातं पार्टनरकडे.

नवे कागद कोणाच्या नावावर, हा प्रश्न दीदींनी सोडवला. त्या भारतीय नागरिक, आधार कालिंपोंगचं होतं, पत्ता नागपूरचा करून घेतलेला. म्हणजे मालकीण त्या झाल्या. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंद, सोपा होता, दहापेक्षा कमी माणसं असतील तर तेव्हा ऑनलाइन सूचना दिली की पावती निघायची. फूड लायसन्सला वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली तर तेव्हा नुसती नोंदणी पुरत होती, फी वर्षाला शंभर रुपये. शंभर रुपयांचं काम, पण पहिल्यांदा त्रुटी निघून परत आलं: करार दाईंच्या नावानं केलेला, अर्ज दीदींच्या. घरमालकाकडे जाऊन करार बदलून घेतला. हे सगळं मी करून राहिले होते, कारण दोघांनाही त्या खिडक्या-पोर्टलांची धास्ती. अर्जात पदार्थांचे प्रकार निवडायचे असतात. तिथे बसून मी विचारलं, ‘दाई, आता नक्की काय विकणार?’ आणि त्यांनी दीदींकडे पाहिलं. मेनू ठरला तो त्या क्षणी, कागद भरताना.

तोवर नवरात्र तोंडावर. नेपाळ्यांच्या हॉटेलांचं हे एक गणित नागपूरकरांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे घट बसले की नऊ दिवस नॉनव्हेज बंद, धंदा निम्म्यावर. त्यांच्याकडे तेच दिवस दशैंचे, वर्षातला सगळ्यात मोठा सण. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत पंधरा दिवस, अष्टमी-नवमीला बोकड, दशमीला वडीलधाऱ्यांकडून कपाळाला टिका. इथे बसून कोण काय विकणार? शटर ओढून सगळे गावी जातात. आणि येताना नवी माणसं घेऊन येतात. गावाकडची भरती याच दिवसांत होते. कुणाचा पुतण्या बारावी नापास झाला, कुणाचा भाऊ आखातातून परतला, ते टिका लावायला जमतात तेव्हा कळतं. म्हणून ही हॉटेलं दसऱ्याच्या आगेमागे बंद दिसतात आणि दिवाळीत वेगळ्याच रूपात उघडतात. दाई त्या वर्षी कढईवाला शोधणार होते. मिळाला नाही. कालिंपोंगहून दीदींच्या दोन भाच्या आल्या, दोघींचे हात मोमोवर चालणारे. विषय संपला.

कोजागिरीनंतर आम्ही कार्डाला बसलो. जुनी फाइल उघडून मी एकेक ओळ वाचायची आणि दोघांनी ‘रख’ नाही तर ‘काट’ म्हणायचं. शेजवान, सिंगापुरी, ट्रिपल, सगळं काट. हक्का नूडल्स ठेवले, ते दाईंना स्वतःला जमतात. मंच्युरियनवर वाद झाला. दाई म्हणाले पोरं मागतील, दीदी म्हणाल्या कढई पुन्हा चढेल. काट. मोमो: वाफेचे, तळलेले, पॅनवर शेकलेले, तंदुरी (म्हणजे जाळीवर भाजून मेयोनेज). थुक्पा, म्हणजे रश्श्यातले नूडल्स. कोरियन रामेन भाचीच्या सांगण्यावरून आलं. कॉलेजच्या मुली मालिका पाहून मागतात, पाकिटाचे नूडल्स, वर अंडं आणि चीजची चकती. दाईंना ते जेवण वाटत नाही, पण त्यावर सुटणारा पैसा मोमोपेक्षा जास्त.

चटणीचं मात्र मला वाईट वाटलं. दीदींची मूळची चटणी टोमॅटो, तीळ आणि टिमूरची. टिमूर म्हणजे आपल्या तिरफळाचा डोंगरातला भाऊ, जिभेला झिणझिण्या येतात. सुरुवातीच्या दिवसांत प्लेटा परत आल्या, ‘तोंड बधिर झालं, काय टाकलं यात?’ म्हणून. मग टिमूर कमी, लाल मिरची जास्त, शेवटी सरळ शेजवान चटणी. चायनीज कार्डावरून गेलं ते चटणीत राहिलं. टिमूरची वाटी मागितली तर अजून मिळते, पण मागावी लागते. आणि झोल मोमो, जो त्यांच्याकडे तीळ-टोमॅटोच्या पातळ रश्श्यात देतात, तो मी ‘तर्री मोमो’ नावानं टाका म्हटलं. तर्रीपोह्याच्या गावात ते खपणारच. दीदींनी रश्श्यात लाल तेलाचा तवंग वाढवला आणि तो आता सगळ्यात जास्त विकला जातो.

डाळ-भाताची थाळी टाकू का, हेही मी विचारलं. दाईंनी हातानंच नाही म्हटलं. डाळ-भात लोकांना घरी मिळतो, त्याला कोण पैसे देणार? धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

नाव ठरवायला वेळ लागला नाही. ड्रॅगन गेला, एक डोंगर आला. ‘तिबेटन’ लिहावं का अशी चर्चा झाली. गोंदिया जिल्ह्यात नॉर्गेलिंगला तिबेटी वसाहत आहे, हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्यांमुळे नागपूरकरांना तिबेटी चेहरा ओळखीचा. दीदी म्हणाल्या, आपण तिबेटी नाही. दाई म्हणाले, चिनी तरी कुठे होतो. शेवटी नुसतं ‘हिमालयन’. ते कोणालाच खोटं वाटत नाही.

आणि मग बोर्ड. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कायदा २०२२चा, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत; पण मुदत लागल्यावर सगळं गाव एकदम जागं झालं. माझ्याकडे रांग. ज्याला नाव बदलायचं होतं, ज्याला भागीदार काढायचा होता, ज्याला दोन वर्षांपासून पदार्थ बदलायचे होते, त्या सगळ्यांनी तोच मुहूर्त धरला, कारण बोर्डाचा खर्च एकदाच करायचा. त्या दिवाळीत नागपुरात इतकी हॉटेलं ‘अचानक’ बदलली त्याचं हे एक कारण. दाईंच्या पाटीवर मराठी वर आणि मोठं, इंग्रजी खाली. कारीगर जाऊन वर्ष झालं होतं, पार्टनर जाऊन महिना. रस्त्यावरच्यांना मात्र त्या सकाळी कळलं.

ॲपचा घोळ पुढे काही महिने पुरला. नव्या नोंदीला नवा नंबर, नवं खातं, म्हणजे जुनी रेटिंगं आणि पाच वर्षांचे अभिप्राय सगळे शून्य. ते राहिले ड्रॅगनकडे, आणि ड्रॅगन पार्टनरकडे. त्यानं घराच्या मागच्या खोलीत किचन टाकून त्याच नावाखाली सावजी आणि बिर्याणी सुरू केली. मला फोन यायला लागले. माझ्याच वहिनीचा पहिला: ‘काऊन गं, आम्ही चिली चिकन समजून मागवलं तं काळ्या रश्श्यातलं चिकन आलं नं! फोटो तं तोच आहे.’ फोटो मीच काढलेले, पार्टनरनं उतरवलेच नव्हते. जुन्या अभिप्रायांत लोक नूडल्सची तारीफ करताहेत आणि खाली मेनूत खूर आणि सुंदरी, म्हणजे बकऱ्याचे पाय आणि आतडी. दाईंना याचा राग आला नाही. ते म्हणाले, नवीन दुकान ॲपवर सुरुवातीला वर दिसतं, त्याचा आपल्याला फायदा. तो मिळालाही, पहिले दोन महिने ऑर्डरी चांगल्या आल्या, मग जाहिरातीचे पैसे भरा म्हणून निरोप यायला लागले.

विलायतेतली कितीतरी ‘इंडियन’ हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी लोकांची असतात, हे मी भाचीला सांगितलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिचा मामेभाऊ गोव्यात इटालियन करतो.

परवा दाई आले, कार्डं संपत आली म्हणून. बोलता बोलता कळलं, मोठ्या भाचीचं लग्न ठरलं आहे, धाकटीला वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात बोलावणं आहे. दीदींच्या एकटीच्या हातानं परात भरणार नाही. मलेशियात जाळीवर काम केलेला एक साडू दशैंला गावी येतो आहे, त्याचं मन वळलं तर सेकुवा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मटण सुरू करायचं. नाही वळलं तर गोठवलेले मोमो विकत घ्यायचे, त्यावर दीदींचं तोंड वाकडं. शंभर कार्डं छापून द्या म्हणाले. मी म्हटलं, पन्नासच मारते, साध्या कागदावर, लॅमिनेशन कोजागिरीनंतर बघू. त्यांनी लगेच विचारलं, मग रेट किती कमी होईल?